गुणाबाईनं विणलेला पडदा

मित्रांनो, मी एक जुना पडदा आहे. खरं सांगायचं तर अर्धाच. माझा दुसरा अर्धा भाग पट्ट्या-पट्ट्या होऊन संपला, आणि हा उरलेला भाग पनवेलजवळच्या एका वसाहतीत, मलमपट्टीच्या खोलीतल्या कपाटात घडी घालून ठेवला आहे. एकेकाळी माझ्यावर चित्रपट दाखवत असत. तुम्ही म्हणाल, वा, मजा आहे बुवा, फुकटात सिनेमा! छे हो. पडद्याला सिनेमा दिसत नसतो. चित्र पडायचं ते माझ्या अंगावर, आणि मला दिसायची ती समोर बसलेली माणसं. चार वर्षं मी एकच चित्रपट दाखवला आणि तो एकदाही पाहिला नाही. माणसं मात्र पोटभर पाहिली. त्यांचंच सांगणार आहे. गोष्ट गोड नाही, हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे मागाहून मला दोष देऊ नका.

माझा जन्म १९८७ सालचा. ही वसाहत कुष्ठरोगातून बऱ्या झालेल्या माणसांची. रोग गेला, औषध संपलं, डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलं, तरी ज्यांना घरच्यांनी परत घेतलं नाही, ती माणसं इथे राहायची. कोणी भाजी लावायचं, कोणी कोंबड्या पाळायचं, आणि एका लांबट शेडमध्ये सहा हातमाग दिवसभर खटखट करायचे. खिडकीकडच्या मागावर गुणाबाई बसायची. खाडीकाठच्या एका मिठागरवाल्या गावातली बाई. तिच्या दोन्ही हातांची बोटं आत वळलेली होती, मुठीत चिंचोका लपवल्यासारखी. मागाची दोरी पकडायची सोयच नव्हती. म्हणून वसाहतीतल्या सुतारानं तिच्या मनगटात बसेल असा चामड्याचा पट्टा करून दिला होता. मनगटाला हिसका दिला की धोटा या टोकाकडून त्या टोकाला पळायचा. आणि कापड काय विणायची म्हणून सांगू! माझ्यात एक तुटका धागा दाखवा, मी नाव बदलेन.

मागाचा पन्हा लहान होता, म्हणून मी दोन पट्ट्यांत विणला गेलो आणि मधोमध शिवला गेलो. ती शिवणसुद्धा गुणाबाईनंच घातली. तिच्या बोटांना पकड नव्हती तशी जाणीवही नव्हती. गरम पाणी पाहायचं तर ती कोपर बुडवून पाहायची. शिवता शिवता एकदा सुई तिच्या बोटात शिरली आणि तिला पत्ताच नाही. ती आपली शिवतेय. माझ्या पांढऱ्या अंगावर लाल ठिपका उमटला तेव्हा शेजारच्या मागावरची शकू ओरडली.

"आगो गुणे, रगत!"

गुणाबाईनं बोट उलटंसुलटं करून पाहिलं आणि हसली. "माज्या बोटांना नाय कळत बाय. पडद्यालाच इचार, त्याला कळलं आसल."

थट्टाच होती ती. पण मला कळलं होतं हे खरं. तो ठिपका धुऊन धुऊन तपकिरी झाला, तरी अजून आहे. शेवटी तिनं माझ्या एका कोपऱ्यात तीन निळे धागे घातले. तिथला प्रत्येक विणकर आपली खूण अशी घालायचा.

मला विणून घेतलं होतं वसुंधराबाईंनी. पनवेलच्या एका शाळेत त्या शिक्षिका होत्या. कडक इस्त्रीची सुती साडी, आवाज वर्गाला पुरेल इतका खणखणीत, आणि मन, खोटं कशाला बोलू, फार चांगलं. त्यांना कुठूनशी एका चित्रपटाची रिळं मिळाली होती. कमळाकर नावाचा त्यांचा जुना विद्यार्थी प्रोजेक्टर चालवायचा. दोघांनी ठरवलं होतं, गावोगाव हा चित्रपट दाखवायचा आणि लोकांच्या मनातली घाण काढायची. अगदी हेच शब्द.

चित्रपटाची गोष्ट मला ऐकून पाठ झाली. कर्ण्याची पेटी माझ्या पायाशीच असायची ना! एक होडीवाला असतो. त्याला हा रोग होतो. हात वाकतात, नाक बसतं. तो बरा होऊन गावी येतो तर त्याच्या होडीत कोणी बसत नाही. दुकानदार त्याला सामान लांबून फेकतो. बायका मुलांना ओढून घरात नेतात. तो रोज रिकामी होडी या काठावरून त्या काठाला नेतो. आणि शेवटी, अगदी शेवटी, त्याचा मोठा भाऊ भर पाण्यात उतरून होडी धरतो, त्याला मिठी मारतो आणि हाताला धरून घरी नेतो. मग सनई वाजायची आणि रीळ संपायचं.

पहिला खेळ वसाहतीतच झाला. वसुंधराबाई हातात रुमाल घेऊन तयार होत्या. आणि काय सांगू मित्रांनो, वसाहतीतली माणसं हसायलाच लागली! होडीवाला बोटं वाकडी करून वल्हं धरतो तिथे तर शकूला हसू आवरेना.

"हात खोटा हाय!" गुणाबाई पदर तोंडाशी धरून म्हणाली. "आंगठा बघ त्याचा, कसा ताठ! आसं वल्हं धरलं तर हातातून सटकंल ना रं!"

वसुंधराबाई जरा रागावल्या. पण शेवटी भाऊ पाण्यात उतरला तेव्हा कोणी हसलं नाही. मी समोरून पाहत होतो, गुणाबाईचं तोंड उघडंच राहिलं होतं. खेळ संपल्यावर ती बाईंजवळ आली.

"बाई, आसं खरंच झालं व्हतं का कुटं?"

बाई म्हणाल्या, "झालं नसेल तर होईल गुणाबाई. त्यासाठीच तर आपण हे दाखवतोय."

मला वाटतं, सगळी चूक तिथेच झाली. होडीवाल्याचा हात खोटा आहे हे गुणाबाईला लगेच कळलं. त्याचा भाऊही खोटा आहे हे कळलं नाही.

मग माझी दौड सुरू झाली. पनवेलच्या शाळांची सभागृहं, पळस्प्याच्या नाक्याजवळचं मैदान, शिरढोण, तळोज्याच्या कारखान्यांमधली कॅन्टीन. कमळाकर मला दोऱ्या लावून इतका ताणायचा की सुरकुतीचं नाव नको. अंधार झाला की समोर दोनशे-तीनशे तोंडं. आणि ती रडायची हो! बाया पदर लावायच्या, पुरुष खोकल्याचं निमित्त करायचे. दिवे लागले की टाळ्या. कोणी येऊन वसुंधराबाईंच्या पाया पडायचं. मला फार अभिमान वाटायचा. वाटायचं, गुणाबाईनं विणलेल्या कापडानं जग बदलतंय.

तळोज्याला मात्र एक गोष्ट दिसली. तिथे पाळी सुटल्यावर कामगार आले होते. शेवटच्या रांगेत एक तरुण बसला होता, त्याचा गाल आणि कान कसल्याशा रसायनानं भाजून गोळा झालेला. कॅन्टीन गच्च भरलं होतं, मागे लोक उभे होते, पण त्याच्या दोन्ही बाजूंच्या दोन-दोन खुर्च्या रिकाम्या. उभी असलेली माणसं होडीवाल्यासाठी रडत होती आणि त्या खुर्च्यांवर बसत नव्हती. तो पोरगा चित्रपट पाहत नव्हता. तो खाली मान घालून सनई वाजायची वाट पाहत होता. तेव्हाच मी काय ते समजायला हवं होतं. पण कौतुकाची चटक लागली की डोळ्यांवर कातडं येतं. पडद्याच्यासुद्धा.

दर चार-पाच खेळांनी कमळाकर मला धुवायला वसाहतीत आणायचा. गुणाबाई कोपरानं पाणी बघायची आणि विचारायची, "काय म्हनाली मानसं?"

"रडली," कमळाकर सांगायचा.

"रडली? मंग बरं हाय."

लोक कधीकधी वसुंधराबाईंना विचारत, कापड छान आहे, कुठून घेतलंत? बाई म्हणायच्या, ओळखीच्या एका बाईंनी विणलंय. नाव सांगायच्या नाहीत. कमळाकरनं एकदा टोकलंसुद्धा. "बाई, सांगून टाका की. तेवढ्यासाठीच तर फिरतोय ना आपण?" बाई म्हणाल्या, "अजून वेळ आलेली नाही." आता मला वाटतं, त्यांनाही आतून ठाऊक होतं.

१९९१ साली गुणाबाईनं वसुंधराबाईंकडे एक मागणं मागितलं. चार वर्षांत पहिलंच. "बाई, आमच्या गावात दाखवा ना ह्यो शिनेमा. तितं माजा भाऊ हाय, तुळशीराम. माजं नाव काडू नका. नुसतं बघून या, तुळशीदादा कसा बघतो."

घरातून निघाली तेव्हा गुणाबाई पंचवीस वर्षांची होती. त्याच वर्षी तुळशीरामला मुलगी झाली होती. बारशाला बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा. गुणाबाईनं ते नाव ठेवलं, वेणू. त्या वेळी तिच्या हातावर एकच फिकट चट्टा होता, कोणाला कळला नव्हता. पुढे काही महिन्यांतच बोटं वाकायला लागली आणि गावात कुजबूज झाली. तेव्हा तुळशीरामनंच तिला बैलगाडीतून पनवेलपर्यंत आणून सोडलं. औषध घेऊन बरी झालीस की न्यायला येतो म्हणाला. बरी होऊनही पंधरा वर्षं झाली होती. तो आला नव्हता.

तर आम्ही त्या गावी गेलो. देवळासमोरच्या पटांगणात कमळाकरनं मला दोन बांबूंना ताणून बांधलं. खाडीचा वारा मला फुगवत होता, त्यामुळे होडी आणखीच खरी हलत असणार. सगळा गाव जमला. पहिल्या रांगेत खुर्चीवर एक उंच, पिकल्या मिशीचा माणूस बसला होता. वसुंधराबाईंनी कमळाकरला डोळ्यांनी खूण केली, हाच तुळशीराम.

मित्रांनो, मी चार वर्षांत हजारो माणसं रडताना पाहिली, पण तुळशीरामसारखं कोणी रडलं नाही. होडीवाल्याला दुकानदार लांबून सामान फेकतो तिथपासून त्याचे खांदे गदगदायला लागले. भाऊ पाण्यात उतरला तेव्हा त्यानं खांद्यावरचा पंचा तोंडात कोंबला. त्याच्या शेजारी त्याची मुलगी बसली होती, वेणू. ती बापाकडे बघत होती; आपलं नाव ठेवणाऱ्या आत्याविषयी गावात कुजबुजलेलं तिनंही कधी ऐकलं असणार. मला वाटलं, झालं! गुणाबाई घरी आलीच.

खेळ संपल्यावर तुळशीराम माझ्याजवळ आला आणि त्यानं मला हात लावला. नाक पुसत म्हणाला, "बाई, लई मोटं काम करता तुमी. आनि ह्यो पडदा झकास हाय. येत्या आयतवारी आमच्या वेणूचं लगीन हाय. त्यो विडिओ शूटिंगवाला म्हनतो, नवरा-नवरीच्या मागं पांढरं कापड पायजे, म्हंजे चित्र उजळ येतं. द्याल का येक दिवस?"

वसुंधराबाईंचे डोळे चमकले. "देऊ की," त्या म्हणाल्या. "कमळाकर स्वतः येऊन बांधून देईल."

दुसऱ्या दिवशी त्यांनी वसाहतीत जाऊन सगळं सांगितलं. गुणाबाई माझ्या घडीवर हात ठेवून ऐकत होती. "तोंडात पंचा घातला? आनि पडद्याला हात लावला? सोताच्या हातानं?" पुन्हा पुन्हा विचारत होती. मग म्हणाली, "माजं कापड वेणूच्या लग्नाला जानार. बास. लई झालं."

सगळे इथेच थांबले असते ना, तर बरं झालं असतं. पण वसुंधराबाईंनी तुळशीरामचे अश्रू पाहिले होते, आणि त्यांचा अश्रूंवर भारी विश्वास. "नुसतं कापड का?" त्या म्हणाल्या. "तूही चल. आता वेळ आली आहे."

गुणाबाई घाबरली. नाही म्हणाली, हो म्हणाली, पुन्हा नाही म्हणाली. शेवटी म्हणाली, "मी पुडं नाय यायची. पडद्याच्या मागं बसंन. पोरीला हलद लागलेली तेवडी बघीन आनि जाईन."

लग्न गोरज मुहूर्तावर होतं. कमळाकरनं मला दुपारीच बांधलं. पुढे पाटाएवढ्या उंचीचा मंच, त्यावर बिनपाठीच्या लाल खुर्च्या, आणि माझ्या मागे सतरंज्यांची चळत, तिच्यापलीकडे आंब्याचं झाड आणि मग मिठागरं. गुणाबाई बांधावरून चालत आली आणि सतरंज्यांच्या आडोशाला बसली. नवी हिरवी साडी, हात पदराखाली. वसुंधराबाई पुढे पाहुण्यांत जाऊन बसल्या. माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच माझ्या पाठीमागे कोणी बसलं होतं.

विडिओवाल्यानं मुहूर्ताआधी नवरीला एकटीलाच खुर्चीवर बसवलं. मान अशी कर, हात तसा ठेव, चाललं होतं. वेणूची पाठ माझ्यापासून बोटभर. गुणाबाई सरकत सरकत पुढे आली. मी पातळ, त्यामुळे तिला वेणूची आकृती दिसत असणार. तिनं हात पदराबाहेर काढला आणि माझ्यावर टेकवला, बरोबर वेणूच्या पाठीला लागेल असा. दोघींच्या मध्ये मी एकटा होतो. बँड इतका जोरात वाजत होता की कोणी काही बोललं असतं तरी ऐकू गेलं नसतं. थोडा वेळ हात तसाच होता. मग गुणाबाई उठून उभी राहिली आणि तिनं तो हात वर नेला, वेणूच्या डोक्यावर. आशीर्वाद द्यायला.

आणि त्याच वेळी सूर्य आंब्याच्या फांद्यांखाली आला.

कोणाच्या लक्षात आलं नव्हतं हो. कमळाकरच्याही नाही, आणि त्याचं तर उजेडाचंच काम. मी पश्चिमेला बांधलेला. मावळतं ऊन थेट माझ्या पाठीवर आलं, आणि समोरच्या तीनशे माणसांना नवरीच्या डोक्यावर एक काळा हात दिसला. आखूड, वाकडी, आत वळलेली बोटं. पडद्यावर उमटलेलं ते माझं पहिलं खरं चित्र. ते मला दिसलं नाही, पण समोरची तोंडं दिसली. आठ दिवसांपूर्वी हीच तोंडं रडत होती.

एक बाई किंचाळली. बँड थांबला. पोरं मागे धावली. नवऱ्याचा बाप उठून उभा राहिला. "कोन हाय रं मागं?"

तुळशीराम मंचाला वळसा घालून आला आणि थबकला. बहीण-भाऊ एकोणीस वर्षांनी समोरासमोर उभे होते. मी वाऱ्यानं हललो. मला वाटलं, आता हा पाण्यात उतरेल.

"कोन नाय," तुळशीराम मोठ्यानं म्हणाला. "भिकारीन हाय. लगीन दिसलं का येतात मागाया."

गावातल्या निम्म्या बायांनी तिला ओळखलं होतं. तिच्याबरोबर मिठागरात राबलेल्या बाया होत्या त्या. एक जणही बोलली नाही. वसुंधराबाई मात्र ताडकन उठून आल्या.

"तुळशीराम, असं काय बोलता? ही गुणा आहे! तुमची सख्खी बहीण! ज्या पडद्यासमोर बसून तुम्ही रडलात तो हिनं विणलाय, या हातांनी!"

नवऱ्याचा बाप हळूहळू माझ्याकडे वळला, मग तुळशीरामकडे. "बहीन? तुमच्या घरात रगतपिती हाय, आनि आमाला सांगितलं नाय? आनि त्याच कापडापुडं आमच्या पोराला बसवताव? उठा रं, चला. नाय करायचं हे लगीन."

वऱ्हाड उठायला लागलं. वेणू खुर्चीत बसून होती, पुढे बघत. तेव्हा गुणाबाई पुढे झाली. हात तिनं पुन्हा पदराखाली घेतले होते.

"नाय वो दादा," ती नवऱ्याच्या बापाला म्हणाली. आवाज अगदी साधा. "बाईंची चूक झाली. मी कुनाची बहीन नाय. या गावची बी नाय. पोटाला मागाया आलेली. तुमी लगीन मोडू नका."

वसुंधराबाईंनी तोंड उघडलं. गुणाबाईनं त्यांच्याकडे असं पाहिलं की त्यांनी ते मिटलं.

"मंग ह्यो पडदा?" नवऱ्याच्या बापानं विचारलं.

"काडा रं त्यो!" तुळशीराम ओरडला. "टाका खाडीत!"

मला हातानं सोडायला कोणी तयार होईना. पोरांनी विळ्यानं दोऱ्या तोडल्या, बांबूच्या टोकानं मला उचललं, मिठागराच्या बांधापर्यंत नेलं आणि चिखलात ढकललं. मागे लगेच बँड सुरू झाला. अक्षता पडल्या, टाळ्या वाजल्या.

थोड्या वेळानं तुळशीराम जेवणाची पत्रावळ घेऊन बांधावर आला. गुणाबाई तिथे बसली होती. त्यानं पत्रावळ लांब खाली ठेवली आणि काठीनं पुढे सरकवली. "खाऊन जा," एवढंच म्हणाला. वर पाहिलं नाही. गुणाबाईनं सगळं जेवण संपवलं, शीतसुद्धा ठेवलं नाही. कमळाकर मला चिखलातून ओढून काढत होता, तो रडवेला होऊन म्हणाला, "कशाला खातेस ते?" ती म्हणाली, "भाचीच्या लग्नाचं जेवान हाय. टाकून कसं जाईल?"

परतताना वसुंधराबाई रस्ताभर रडत होत्या. माझं चुकलं, माझं चुकलं. गुणाबाईनं त्यांना समजावलं. "बाई, तुमी रडू नका. रडन्याचं काय खरं नसतं."

त्यानंतर मी चित्रपट दाखवला नाही. वसुंधराबाईंनी सहा महिने खेळ बंद ठेवले, मग मुंबईहून चकचकीत प्लास्टिकचा पडदा आणून पुन्हा सुरू केले. लोक अजून रडतात, असं कमळाकर सांगायचा. कालांतरानं त्यानं पनवेलमध्ये कॅसेटचं दुकान टाकलं. वेणूच्या लग्नाची कॅसेट त्याच्याकडे कॉपी करायला आली होती. तो हात कापून टाकला होता. त्या जागी विडिओवाल्यानं दोन हंस आणि एक बदाम घातला होता.

माझ्या अंगावरचा चिखल गुणाबाईनं तीनदा धुतला, निघाला नाही. तिचं विणणंही हळूहळू सुटलं. पायाला जखम झाली होती, बधिर पायाची, भरतच नव्हती. एका पावसाळ्यात पट्ट्या संपल्या तेव्हा तिनं मला ट्रंकेतून काढलं, माझी मधली शिवण स्वतः दातांनी उसवली आणि माझा उजवा अर्धा भाग फाडून वसाहतीला दिला. मला त्याचं वाईट नाही वाटलं. निदान त्या कामात कोणी मला फसवत नव्हतं आणि मीही कोणाला नाही.

पण एक प्रश्न तिला सोडत नव्हता. भावाविषयी ती कधी बोलली नाही. पाय धुता धुता, मिरच्या निवडता निवडता ती मध्येच विचारायची, शकूला, कमळाकरला, कधी भिंतीला, "माजा हात लागला तवा पोरगी दचकली आसल काय गं? घान वाटली आसल काय तिला?" शकू म्हणायची, "मला काय ठावं?" कमळाकर म्हणायचा, "मी पुढून बघत नव्हतो गं." आणि ती आपल्या बोटांकडे बघत बसायची. सात वर्षं विचारत होती. गेल्या थंडीत गुणाबाई गेली. जाण्याच्या आदल्या दुपारीसुद्धा तिनं हेच विचारलं होतं.

मित्रांनो, आज ना उद्या माझीही पट्टी होईल. त्याआधी एक विनंती आहे. पडद्यासमोर बसून रडू नका असं मी म्हणणार नाही, रडू आलं तर रडा. पण दिवे लागल्यावर मागे वळून बघा, कोणाच्या शेजारच्या खुर्च्या रिकाम्या आहेत. तिथे जाऊन बसा. डोळे पुसले नाहीत तरी चालेल, आधी बसा. आणि कोणी तुम्हाला हात लावला तर, तो कसाही असला तरी, तुम्हाला काय वाटलं ते तोंडानं सांगा. समोरच्याच्या बोटांना ते कळेलच असं नाही.

कारण वेणू दचकली नव्हती. तो हात टेकला तेव्हा तिनं श्वास रोखला, पायानं खुर्ची हळूच इंचभर मागे सरकवली आणि त्या हातावर पाठ टेकवली. चांगली दाबून टेकवली. तोंड विडिओवाल्याकडे, डोळे समोर, आणि पाठ आत्याच्या हातावर. हात वर जाईपर्यंत ती तशीच बसून होती. गुणाबाईच्या बोटांना ते कळलं नाही. मला कळलं होतं.